ज्यानं पाहिलं, त्यालाच विचारलं : रिद्धपूरच्या म्हाइंभटांची गोष्ट

बडनेरा : बडनेरा जंक्शनवरून नरखेडकडे निघालेली गाडी चांदूर बाजार मागे टाकून मोर्शीकडे वळते, त्या पट्ट्यात रिद्धपूर येतं. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं मोठं स्थान म्हणून जिल्ह्यात सगळ्यांनाच ठाऊक. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही आलं. विद्यापीठासाठी नेमकं हेच गाव का, असं विचारलं तर उत्तर एका माणसापाशी येऊन थांबतं. सातशे वर्षांमागं या गावात बसून म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. मराठी गद्यातला आद्य चरित्रग्रंथ तो हाच.

म्हाइंभट मूळचे वऱ्हाडातले नव्हेत. ते नगरकडच्या सराळे गावचे. घरचं चांगलं, संस्कृत शास्त्रांचा अभ्यास दांडगा, आणि त्या विद्येचा ताठाही तेवढाच. चक्रधर स्वामींचं नाव कानावर आलं तेव्हा शिष्य व्हायला नाही, तर वाद घालायला म्हणून ते गोदावरीकाठी गेले. वादात निभाव लागला नाही. पुढं घरदार, मानपान सोडून ते त्याच मार्गाला लागले. गंमत अशी, की हा सगळा प्रकार त्यांच्याच ग्रंथात आला आहे. स्वतःचा उल्लेखही तिथं परक्या माणसासारखा, नाव घेऊन केलेला आहे. दुसऱ्याचं चरित्र लिहिताना स्वतःची फजिती झाकायची सोय लेखकाच्या हातात असते. ती त्यांनी वापरली नाही.

1274 च्या आसपास चक्रधर महाराष्ट्रातून गेले. पंथाच्या भाषेत ते उत्तरापंथे गेले. मागं राहिलेली मंडळी रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या आश्रयाला जमली. पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. नागदेव एकांतात बसून स्वामींच्या एकेक आठवणी मनात आणत. म्हाइंभटांच्या ते लक्षात आलं आणि तिथंच ग्रंथाची कल्पना निघाली, असं पंथात सांगतात. घाईचं कारणही साधं होतं. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं ती माणसं म्हातारी होत होती आणि गावोगाव पांगली होती. एकेक माणूस गेला की त्याच्यासोबत त्याची आठवणही जाणार.

मग म्हाइंभटांनी जे केलं, त्यासाठी त्यांचं नाव घ्यायला पाहिजे. घरी बसून, ऐकीव गोष्टी गोळा करून, त्यावर पांडित्याचा मुलामा चढवणं त्यांना सहज जमलं असतं. पण ते माणसांकडे गेले. ही गोष्ट घडली तेव्हा तिथं कोण होतं, हे पाहून त्यालाच विचारायचं. नागदेवांनी पाहिलेलं नागदेवांकडून, महदाइसेनं पाहिलेलं महदाइसेकडून. आलेला मजकूर नागदेवांना दाखवून तपासून घ्यायचा. आज हातात असलेल्या पोथ्यांत एकाच प्रसंगाची दोन-तीन बयानं शेजारीशेजारी मांडलेली सापडतात. कोणाच्या आठवणीत प्रसंग असा, तर कोणाच्या आठवणीत थोडा वेगळा. अशा वेगळ्या आठवणीला पोथीत वासना असा शब्द आहे. आजचा अर्थ मनात आणून कोणी दचकू नये. ज्याची वासना, त्याचं नावही पुष्कळदा सोबत असतं. त्यामुळे कोणाच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा, हे वाचणाऱ्याला ठरवता येतं. मोबाईलवर रोज येणाऱ्या फॉरवर्डमध्ये नेमकी हीच गोष्ट नसते.

ग्रंथाचे भाग एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन. एकांक म्हणजे स्वामी एकटेच फिरत होते तो काळ. तेव्हा सोबत कोणी नव्हतं, मग साक्षीदार कुठून आणणार? स्वामींनी नंतर स्वतः शिष्यांना जे सांगितलं, त्याचाच आधार त्या भागाला आहे. उत्तरार्धात मात्र माणसांची गर्दी, गावांची नावं, कोण काय जेवलं, कोण कोणावर रुसलं, इथपर्यंत बारकावे येतात. साक्षीदार वाढले तशी गोष्ट दाट झाली.

या साक्षीदारांत बाया पुष्कळ होत्या. महदाइसा प्रश्न विचारून विचारून पिच्छा पुरवणारी, पुढं मराठीची आद्य कवयित्री म्हणून गाजलेली. त्या काळी शास्त्राच्या ग्रंथात बाईची साक्ष कोण धरत होतं? भाषाही मराठीच. संस्कृतात लिहिलं तर आपल्या म्हाताऱ्या बायांना कळणार नाही, अशी नागदेवांची भूमिका होती. संस्कृत कोळून प्यायलेले म्हाइंभट मग लोकांच्या तोंडचं, छोट्या वाक्यांचं मराठी लिहू लागले.

पण म्हाइंभट भक्त होते, तटस्थ पंच नव्हते, हेही विसरून चालत नाही. ज्यांचं चरित्र लिहायचं ते त्यांच्यासाठी साक्षात ईश्वर. तपासणारे नागदेव पंथाचे प्रमुख. साक्षीदारही सगळे घरचेच. देवगिरीचा प्रधान हेमाद्री महानुभावांच्या नजरेत विरोधक होता. या परंपरेत त्याचं जे चित्र उभं राहतं ते त्याच नजरेचं आहे. हेमाद्रीच्या माणसाला कोणी साक्ष विचारलेली नाही. चमत्कारांचे प्रसंगही पाहणाऱ्याच्या श्रद्धेसकट लिहिलेले आहेत. मात्र भक्ती असूनही न सोयीचं गाळलेलं नाही. गोविंदप्रभूंचं चरित्रही म्हाइंभटांच्याच नावावर आहे. त्यात प्रभू लेकरांसारखे खेळतात, लोकांना शिव्या घालतात, सोवळंओवळं न पाळता कोणाच्याही घरात शिरतात. गावाच्या पाण्याला ज्यांना हात लावू देत नव्हते, त्या मातंगांना विहिरीची जागा दाखवतात. गावातले काही लोक त्यांना वेडे म्हणत, हेही लिहिलेलं आहे. फक्त गुणगान करायचं असतं तर हे सगळं वगळणं सोपं होतं. अमेरिकेतल्या अभ्यासक ॲन फेल्डहाऊस यांनी हे चरित्र इंग्रजीत नेलं, ते उगाच नाही.

एवढ्या मेहनतीची मूळ पोथी मात्र टिकली नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत ती नाहीशी झाली. हिराइसा, परशरामबास अशा मंडळींनी पाठ असलेलं पुन्हा जुळवलं. त्यातून पाठांमध्ये फरक पडले. म्हणून आजच्या पोथीतली प्रत्येक ओळ म्हाइंभटांचीच, असं छातीठोक सांगता येत नाही. काही वासना नंतरच्या माणसांच्याही असणार.

त्यानंतर पंथानं पोथ्या सांकेतिक लिपीत बंद केल्या. बाहेरच्याला अक्षरही लागेना. विसाव्या शतकात राजवाड्यांनी त्या लिपीचं कुलूप उघडलं आणि 1930 च्या दशकात नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्राचे भाग छापले. बुलडाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी हयात या साहित्यात घालवली. अनेक पोथ्या ताडून त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती 1978 मध्ये राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळानं काढली. त्यातल्या काही मजकुराला पंथीयांनी आक्षेप घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. पोथीतलं कुठलं वाक्य खरं आणि कुठलं कोणी मागाहून घातलेलं, यावर विद्वान आणि श्रद्धावंत समोरासमोर आले.

म्हाइंभटांच्या स्वतःच्या हातची प्रत आजवर सापडलेली नाही. रिद्धपुरातलं वाजेश्वरीचं ठिकाण मात्र दाखवतात. तिथंच बसून त्यांनी लीळा लिहून काढल्या, असं मानतात.