स्पेन्सर पिकरिंग

पर्सिव्हल स्पेन्सर उम्फ्रेव्हिल पिकरिंग (६ मार्च, १८५८ – ५ डिसेंबर, १९२०) हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ व उद्यानविद्यातज्ज्ञ होते. तेल पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपात विखुरले की पायस तयार होते. घन कणांच्या आधाराने टिकणाऱ्या पायसांना त्यांच्या नावावरून ‘पिकरिंग पायस’ म्हणतात.

जीवन

पिकरिंग यांचे उच्च शिक्षण ऑक्सफर्डच्या बॅलिओल महाविद्यालयात झाले. चित्रकार एव्हलिन डी मॉर्गन या त्यांच्या थोरल्या भगिनी होत. त्यांनी लंडनच्या बेडफर्ड महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. विरघळलेला पदार्थ पाण्याशी संयोग पावून हायड्रेटे बनवतो, या मताचे ते खंदे पुरस्कर्ते होते. आऱ्हेनियस यांचा आयन-विचरण सिद्धान्त त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. मात्र रसायनशास्त्राने तोच सिद्धान्त स्वीकारला. १८९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८९४ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्या सहकार्याने त्यांनी वोबर्न प्रायोगिक फळबाग सुरू केली. तेथील कामावर आधारित ‘सायन्स अँड फ्रूट ग्रोइंग’ हा दोघांचा ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पायसांवरील संशोधन

फळझाडांवरील किडी मारण्यासाठी पॅराफिन तेल (रॉकेल) साबणाच्या पाण्यात घुसळून फवारत असत. परंतु कठीण पाण्यातील चुन्यामुळे साबण साकळतो आणि तेल वेगळे होते. पिकरिंग यांनी साबणाऐवजी मोरचूद किंवा हिराकस यांच्या द्रावणात चुना मिसळून मिळणारा बारीक साका वापरला. साक्याचे कण तेलाच्या थेंबाभोवती कवच बनवतात, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. तेलापेक्षा पाण्याने अधिक भिजणारे कणच पाण्यातील तेलाचे पायस टिकवतात, असे त्यांनी १९०७ मधील शोधनिबंधात मांडले. मोरचुदाचा साका बुरशीनाशकही असल्याने एकाच फवाऱ्यात दोन्ही कामे साधत.

वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्येच घन कणांचा हा परिणाम नोंदवला होता. तरीही पिकरिंग यांचेच नाव रूढ झाले.

महत्त्व

साबणासारख्या पृष्ठक्रियाशील पदार्थांचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागावर सतत येत-जात असतात; पृष्ठभागावर बसलेला घन कण मात्र सहसा सुटत नाही. त्यामुळे अशी पायसे दीर्घकाळ टिकू शकतात. आज सिलिका, स्टार्च आणि सेल्युलोजचे अतिसूक्ष्म स्फटिक याच तत्त्वावर वापरले जातात. खाद्यपदार्थ, औषधे व सौंदर्यप्रसाधने यांमध्ये पृष्ठक्रियाशील पदार्थांचे प्रमाण कमी करण्याच्या दृष्टीने या तत्त्वाचा अभ्यास होतो.