मळ्यात पंढरी पाहणारे संत सावता माळी

भगिनींनो, आषाढ आला की आपल्या नारायणगडाहून नगद नारायण महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. काही भाग्यवान बायका दिंडीबरोबर जातात. पण कुणाचे मूल तान्हे असते, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली असते, कुणाची पेरणी खोळंबलेली असते. मन पंढरीला आणि पाय उंबऱ्याशी, अशी त्यांची स्थिती होते. अशा बहिणींनी सावता महाराजांचे चरित्र अवश्य ध्यानात धरावे.

महाराजांचा जन्म १२५० साली सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, अरण गावी झाला. वडील पुरसोबा, आई नांगिताबाई. आजोबा पंढरीचे वारकरी होते. घरचा धंदा माळ्याचा. पत्नी जनाई भेंड गावच्या. विठ्ठल व नागाताई ही त्यांची दोन मुले.

मळ्याचे काम एक दिवसही सुटत नाही. पाणी चुकले की रोप माना टाकते, खुरपणी राहिली की तण माजते. म्हणून महाराजांनी मळ्यालाच देऊळ मानले. हातांनी काम आणि मुखाने नाम, हीच त्यांची वारी. वाफ्यातील भाजीपाल्यात त्यांना पांडुरंग दिसे.

एकदा सासरची माणसे घरी आली असता महाराज भजनात रंगून गेले, त्यांची विचारपूस राहिली. जनाई रागावल्या. महाराजांनी त्यांची गोड शब्दांत समजूत काढली, असे सांगतात. पाहुणे आल्यावर घरच्या बाईची काय ओढाताण होते, ते आपणच जाणतो! दुसरी कथा अशी की, ज्ञानदेव-नामदेवांसह जाताना देव अरणला थांबले आणि त्यांनी लपायला जागा मागितली. महाराजांनी खुरप्याने छाती चिरून त्यांना हृदयात ठेवले.

१२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला महाराजांनी अरणलाच देह ठेवला. वय अवघे ४५. त्यांचे ३७ अभंग आज मिळतात. ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. अरणला मात्र दरवर्षी पांडुरंगाचीच पालखी महाराजांच्या भेटीला येते. कामात राहिलेल्या भक्ताकडे देव चालत येतो, हे केवढे समाधान!

आपल्याजवळ मळा नसेल, पण परसात एक वाफा होतो. मागे राहिलेल्या बहिणींनी आषाढी एकादशीच्या सुमारास झेंडूचे बी टाकावे. झेंडू महाराजांच्या मळ्यात नव्हता. तो मूळचा अमेरिकेतला, पुढे कित्येक वर्षांनी पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. पण मेहनतीची रीत तीच. वाफा भुसभुशीत करून शेणखत घालावे, बी पातळ पेरून वर बारीक माती पसरावी. तीन-चार आठवड्यांनी रोपे हात-दीड हात अंतरावर लावावीत. रोप धरले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून फुले अधिक येतात. पाणी साचू देऊ नये. शेजारी अॅस्टर लावला तर फुलदाणीसाठी लांब देठाची फुले मिळतात. फुले सकाळी गारव्यात तोडावीत. जितकी तोडावीत तितकी नवी येतात. चांगल्या झाडावरची दोन-चार फुले मात्र वाळू द्यावीत, त्यातच पुढच्या वर्षाचे बी असते.

एकादशीपासून दसरा साधारण तीन महिन्यांवर. तोवर दाराच्या तोरणापुरती फुले घरचीच होतील, आणि पहिली ओंजळ विठ्ठलाला वाहता येईल.