हाताला विद्या देणारा राजा : श्रीमंत सयाजीराव गायकवाड

आपल्या बऱ्हाणपूरचे आणि मागाचे नाते फार जुने आहे. सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथे येऊन गेला. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. आजही शहराच्या कितीतरी मोहल्ल्यांत पॉवरलूमचा खडखडाट ऐकू येतो. आणि आजही दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी तोच प्रश्न निघतो : पुढे काय? पदवी घ्यावी की हातात हुन्नर घ्यावा? आयटीआयला पाठवले तर नातेवाईक काय म्हणतील?

हाच प्रश्न एका मराठी राजाने एकोणिसाव्या शतकात आपल्या राज्यापुरता सोडवायला घेतला होता. तोही महाराष्ट्राबाहेर, आपल्यासारख्याच परभाषक मुलखात. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या चरित्रातील हा भाग सक्तीच्या शिक्षणाइतका किंवा ग्रंथालयांइतका सांगितला जात नाही. म्हणून तो मुद्दाम सांगतो.

कवळाण्याचा गोपाळ

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे खेडे आहे. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तिथे शेती करून राहत होती. त्या घरात काशीराव आणि उमाबाई यांच्या पोटी मार्च १८६३ मध्ये गोपाळरावांचा जन्म झाला. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी दत्तक घेण्यासाठी मुलाचा शोध सुरू केला. काशीराव आपल्या मुलांना घेऊन बडोद्याला गेले आणि निवड मधल्या गोपाळची झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा सयाजीराव झाला.

तोवर त्यांचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. एलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनी मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा भाषा एकाच वेळी शिकायला घेतल्या. दिवसाचे कितीतरी तास अभ्यासात जात. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. उशिरा शिकायला बसलेल्या माणसाला शिक्षणाची किंमत निराळी कळते. पुढची सत्तावन्न वर्षे ती त्यांच्या कारभारात दिसत राहिली.

सुरुवात त्यांनी अगदी खालच्या थरापासून केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी राज्याच्या खर्चाने शाळा निघाल्या. आपल्याच तापीच्या काठाने खाली गेले की गुजरातेत सोनगड लागते. हा डोंगराळ भाग तेव्हा बडोदे राज्यात होता. तिथे १८८५ च्या सुमारास आदिवासी मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. तिथे अक्षरओळखीबरोबर हाताच्या कामाचेही शिक्षण मिळे. पुढे जे मोठे काम झाले, त्याचे बीज इथे दिसते.

कलाभवन

१८८७ मध्ये महाराज पहिल्यांदा युरोपला गेले. तिथले कारखाने त्यांनी पाहिले आणि त्या कारखान्यांना माणसे पुरवणाऱ्या शाळाही पाहिल्या. आपल्याकडे कारागीर होते, पण त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे, तीही जातीच्या चौकटीत जाई. दुसरीकडे कॉलेजातून बाहेर पडणारा तरुण कारकुनी शोधी. या दोघांची गाठ कुठेच पडत नव्हती.

ती गाठ घालून देणारा माणूस महाराजांना बडोद्यातच मिळाला. प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे. गज्जर म्हणजे सुतार. घरात सुतारकीची परंपरा आणि स्वतः रसायनशास्त्रात पारंगत, असा दुर्मीळ योग त्यांच्यात होता. महाराजांचा आणि त्यांचा जन्म एकाच वर्षातला. बडोदा कॉलेजात शिकवत असताना त्यांनी उद्योगशिक्षणाच्या संस्थेची कल्पना मांडली. महाराजांनी ती उचलून धरली आणि १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले.

चित्रकला, सुतारकाम, यंत्रविद्या, विणकाम, रंगकाम आणि रसायन असे विषय तिथे शिकवले जाऊ लागले. त्या काळी जर्मनीत तयार झालेले कृत्रिम रंग हिंदुस्थानच्या बाजारात येत होते आणि आपले पारंपरिक रंगारी मागे पडत होते. नवा रंग कापडावर का बसतो आणि का उडतो, हे कळल्याशिवाय या धंद्यात टिकाव नव्हता. कलाभवनाने ते शास्त्र शिकवले. आपल्यासारख्या कापडाच्या गावाला याचे मोल निराळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट भाषेची. सुताराच्या किंवा विणकराच्या मुलाला आधी इंग्रजी शिक, मग धंदा शिक, असे म्हटले तर तो दारातूनच परत जाईल, हे गज्जर जाणून होते. म्हणून देशी भाषेतून शिकवण्यावर त्यांचा भर होता. त्यासाठी शास्त्रीय शब्द हवेत, पुस्तके हवीत. शास्त्रीय परिभाषा आणि ग्रंथमाला तयार करण्याच्या या कामालाही महाराजांनी पैसा दिला. इमारत आणि यंत्रे यांवर खर्च करणारे पुष्कळ असतात, पण शब्दांवर खर्च करणारा राजा विरळाच.

कलाभवनात शिकलेल्यांपैकी एक नाव आपण सर्व जण जाणतो. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून १८९० मध्ये बडोद्याला आले आणि कलाभवनात दाखल झाले. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाची विद्या त्यांनी इथे आत्मसात केली. भारतीय चित्रपटाचा पाया घालणारा हात इथे तयार झाला.

माणूस गेला, संस्था राहिली

१८९६ मध्ये गज्जर बडोदे सोडून मुंबईला गेले. ज्याच्या कल्पनेतून संस्था उभी राहिली, तोच सहा वर्षांत निघून गेला. आपल्याकडे अशा वेळी बहुधा काय होते? संस्थापक गेला की दानशूर मंडळी हात आखडता घेतात आणि दोन-चार वर्षांत दाराला कुलूप लागते.

कलाभवनाचे तसे झाले नाही, कारण ते वर्गणीवर किंवा एखाद्या समारंभातील देणगीवर चालत नव्हते. तो राज्याच्या शिक्षणखात्याचा नेहमीचा खर्च होता. शाळांवर होतो तसा, दरसाल होणारा. महाराजांच्या नेतृत्वाचे मर्म मला इथे दिसते. चांगला माणूस शोधणे हे त्यांनी केलेच. पण त्या माणसावाचूनही काम चालू राहील अशी पैशाची व्यवस्था केली, हे त्याहून मोठे.

या व्यवस्थेची गरज किती होती, हे लवकरच दिसले. १८९९-१९०० चा दुष्काळ, म्हणजे गुजरातेत आजही ज्याची आठवण निघते तो छप्पनिया, राज्यावर कोसळला. १८९१ मध्ये राज्याची लोकसंख्या २४ लाखांवर होती. १९०१ च्या शिरगणतीत ती साडेएकोणीस लाखांवर आली. दुष्काळ आणि रोगराई यांनी गावेच्या गावे ओस पाडली. केवळ शेतीवर जगणारा समाज एका पावसाच्या भरवशावर उभा असतो, हा धडा फार महाग पडला. १९०२ मध्ये अहमदाबादेत औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन महाराजांच्या हस्ते झाले आणि १९०६ मध्ये कलकत्त्याच्या औद्योगिक परिषदेपुढेही ते बोलले. दोन्ही ठिकाणी त्यांनी देशातील उद्योग आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचा विषय मांडला.

त्याच १९०६ मध्ये सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सबंध राज्यात लागू झाले. त्याचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात झाला होता. १९०७ मध्ये गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांच्या पुढाकाराने अलेम्बिक हा रसायन-औषधांचा कारखाना उभा राहिला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. शाळा, धंद्याचे शिक्षण, कारखाना आणि भांडवल यांची साखळी अशी एकेक कडी जोडत तयार झाली.

देवासची लेक

या कामाची दुसरी बाजू महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांनी सांभाळली. त्या मूळच्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशच्याच लेक. बायकांनी कोणकोणते व्यवसाय करावेत, परदेशात त्या काय करतात, याचा विचार मांडणारे इंग्रजी पुस्तक त्यांनी १९११ मध्ये एका सहलेखकासोबत प्रसिद्ध केले. पुढे बडोद्यात त्यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय सुरू झाले. विधवा, परित्यक्ता किंवा घरची गरिबी असलेल्या बाईला चार पैसे मिळवून देणारे हुन्नर शिकता यावेत, अशी ती सोय होती. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच होत्या.

जिथे पैसा पुरला नाही

चरित्र सांगताना उणे लपवू नये. भीमराव आंबेडकर या तरुणाला महाराजांनी कॉलेजसाठी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड देऊन अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परत आल्यावर राज्याची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले, पण अस्पृश्यतेमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. कचेरीतही अवहेलना झाली. अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाने विद्या दिली, पण शहराने घर दिले नाही. शिकलेल्या माणसाला मानाने काम करू देणारा समाज नसेल, तर खजिन्यातील पैसा अर्ध्या वाटेवर थांबतो.

अखेर आणि वारसा

महाराजांनी मराठीचाही धागा कधी सोडला नाही. १९३२ च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९४९ मध्ये त्यांच्या नावाने बडोद्यात विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा बनले. आजही बडोदेकर त्या जागेला कलाभवनच म्हणतात.

आज कौशल्यशिक्षणाच्या योजना आहेत, आयटीआय आहेत, कम्युनिटी कॉलेजचे अभ्यासक्रम आहेत. सरकार आपल्या परीने खर्च करते. आपल्यासारख्या मंडळांनी महाराजांच्या चरित्रातून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ : एकदाच मोठी देणगी देण्यापेक्षा दरवर्षी न चुकता दिलेली लहान शिष्यवृत्ती अधिक टिकते. ती देताना पदवीच्या मुलाबरोबर फिटर, वायरमन, शिवणकाम किंवा नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींचाही विचार व्हावा. आणि गुणगौरवाच्या कार्यक्रमात आयटीआयच्या विद्यार्थ्यालाही त्याच व्यासपीठावर बोलवावे. पैसा राजाने दिला होता. मान देणे मात्र तेव्हाही समाजाच्याच हाती होते आणि आजही आहे.