स्वामी रामानंद तीर्थ

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे योगेश्वरी देवीचे प्राचीन गाव. १९३५ साली तेथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा एका संन्याशाने स्वीकारली. ते होते स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचा जन्म १९०३ चा. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर.

तो निजामी राजवटीचा काळ होता. येथील प्रजेची भाषा मराठी, तर राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची उर्दू. खासगी शाळांकडे सरकार संशयाने पाहत असे. अशा वेळी शाळेत काही नवे रुजविणे सोपे नव्हते. स्वामीजींना त्याचा मार्ग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत गवसला होता. तेथे गुरुशिष्य एकत्र राहत. साधेपणाचा व देशप्रीतीचा पाठ शिक्षक आधी स्वतः आचरीत, मग मुलांना देत. तीच रीत त्यांनी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस आणली.

१९३८ साली हैदराबाद संस्थानात सत्याग्रह सुरू झाला. जिवापाड जपलेली शाळा सोडून स्वामीजींनी कारावास पत्करला. विद्यालय मात्र पुढेही चालूच राहिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९७२ मध्ये स्वामीजी निवर्तले. शिकवावे तसे जगणाऱ्या या शिक्षकाचे स्मरण मराठवाडा आजही आदराने करतो.