कपाटातल्या दोन तबकड्या

लहानपणी कानावर पडणारी गाणी आपण कुठे निवडलेली असतात! ती घरातल्या मोठ्या माणसांची निवड. माहेर जसं आपण निवडत नाही, तसंच हे. पुढे आपल्या आवडी बदलतात, कॅसेट येतात, सीडी येतात, त्याही अडगळीत जातात. पण एखाद्या दुपारी कुठून तरी पटदीप ऐकू येतो आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात राहते. कान ओळखीचा आवाज शोधायला लागतात. माझ्या बाबतीत तो आवाज असतो हिराबाई बडोदेकरांचा.

माझ्या आजीकडे चावीचा ग्रामोफोन होता. तबकड्या लाकडी कपाटात, उभ्या लावलेल्या. मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं. तेवढ्यात आलाप, बंदिश, ताना, सगळं. मग तबकडी उलटायची, पिन बदलायची, चावी द्यायची. त्या कपाटात अब्दुल करीम खाँसाहेबांची आणि हिराबाईंची तबकडी शेजारी शेजारी असायची. हे दोघे बाप-लेक आहेत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आडनावं वेगळी, नावांचा धर्मही वेगळा. कळणार तरी कसं?

ती सगळी कहाणी विलक्षण आहे, आणि तिची खरी सुरुवात हिराबाईंच्या आईपासून होते. ताराबाई माने या बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. किराणा गावाहून आलेले तरुण गवई अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात होते. ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकल्या आणि त्यांच्याबरोबर बडोदं सोडून निघाल्या. सरदाराची लेक, मुसलमान गवई आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा! घराचे दरवाजे मागे कायमचे बंद झाले असणार, हे सांगायला नकोच.

मिरजेला १९०५ मध्ये त्यांच्या मुलीचा जन्म झाला. नाव चंपाकली. घरात सगळे चंपूताई म्हणत. थोरला भाऊ अब्दुल रहमान, धाकट्या बहिणी गुलाब आणि सकीना, शिवाय आणखी एक भाऊ. पुण्यात खाँसाहेबांचं आर्य संगीत विद्यालय होतं. घरात शिष्यांचा राबता, पहाटेपासून तंबोरे लागलेले. मुलं सुरांतच वाढत होती.

पण संसार टिकला नाही. मुलं मोठी होत असताना ताराबाई पाचही मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या. माहेर तर केव्हाच तुटलेलं. अशा वेळी या बाईने मुलांची नावंच बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई, गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती. हिराबाईंनी आडनाव लावलं ते बडोदेकर. ज्या गावाने आईला परत घेतलं नसतं, त्या गावाचं!

मैत्रिणींनो, या नावबदलाचा मी पुष्कळदा विचार करते. त्यात हिशेब होता का? नक्कीच होता. चार जणांत मुलांना मान मिळावा, मुलींना सभ्य घरांतून बोलावणं यावं, हा हिशेब. पण त्यासाठी वडिलांचं नाव पुसावं लागलं, ही त्याची किंमत. आज आपण चटकन कुणाला तरी दोष देऊन मोकळे होतो. एकट्या बाईने पाच मुलांना घेऊन त्या काळात उभं राहायचं म्हणजे काय, हे लक्षात घेतलं तर दोष द्यायला जीभ रेटत नाही.

नावं बदलली तरी गळा कसा बदलणार? सुरेशबाबूंना वडिलांची तालीम मिळाली होती. पुढे हिराबाई त्यांच्याकडे शिकल्या आणि किराणा घराण्याचेच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे त्यांची कसून तालीम झाली. एकेक राग सावकाश, एकेक सूर उलगडत न्यायचा, ही वहीद खाँसाहेबांची रीत. हिराबाईंच्या गाण्यातला निवांतपणा तिथून आला. आवाज मात्र त्यांचा स्वतःचा. बारीक, टोकदार, गोड, आणि षड्जावर थांबला की आजूबाजूचं सगळं शांत करणारा.

त्या वेळी बाईने गाणं म्हणजे काय समजलं जाई, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारायला हवं होतं. गाणारी बाई म्हणजे बाईजी. तिची मैफल पुरुषांसाठी. घरंदाज बायका फार तर दाराआडून, माडीवरून ऐकणार. तिकीट लावून, थिएटरात, सगळ्यांसाठी खुली मैफल करणाऱ्या पहिल्या गायिका म्हणून हिराबाईंचं नाव घेतलं जातं. आज तिकीट काढून गाण्याला जाणं ही इतकी साधी गोष्ट झाली आहे की, त्यातलं धाडस जाणवतच नाही. तिकिटामुळे गाणं कुण्या एका यजमानाचं राहिलं नाही. ज्याने पैसे दिले त्याला खुर्ची. आणि शेजारच्या खुर्चीत त्याची बायको, आई, बहीण बसू शकली.

बसल्या त्या. कारण समोर गाणारी बाई त्यांच्यासारखीच दिसत होती. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला, हातवारे नाहीत, चेहरा वेडावाकडा नाही, नजर कुणाकडे रोखलेली नाही. जणू देवघरात बसून गातेय. रागदारी झाली की भजन. त्यांचं ‘राधेकृष्ण बोल’ तर घराघरात पोचलं. आमच्या आजीने आयुष्यात एकही मैफल ऐकली नसेल, पण हिराबाई तिच्या माजघरात आल्या त्या या भजनाच्या तबकडीतून. भजन म्हणजे देवाचंच नाव, त्याला घरात कोण नाही म्हणणार? त्याच्याच मागोमाग पटदीपही आला. आजीला रागाचं नाव ठाऊक नव्हतं. तिला ते गाणं हवं असायचं, एवढंच.

इथेही एक टोचणी आहेच. हिराबाईंना जी प्रतिष्ठा मिळाली, ती त्यांच्या आधीच्या कित्येक थोर गाणाऱ्या बायकांना मिळाली नाही. त्या गाण्यात कमी नव्हत्या. फक्त समाजाला हव्या तशा दिसत नव्हत्या. हिराबाईंनी दार उघडलं हे खरं, पण दाराची उंची समाजानेच ठरवलेली होती.

मैफलींवरच हे कुटुंब थांबलं नाही. १९३०च्या सुमारास भावंडांनी नाटक कंपनी काढली. सौभद्र, संशयकल्लोळ यांसारखी संगीत नाटकं. स्त्रीभूमिका पुरुषांनी करायच्या, हा तेव्हाचा रिवाज. बालगंधर्वांची सुभद्रा लोकांच्या डोळ्यांत बसलेली. तिथे ही खरीखुरी बाई सुभद्रा म्हणून उभी राहिली आणि तिच्या बहिणीही रंगभूमीवर आल्या. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे आल्या, त्याच्याही आधीची ही गोष्ट. कंपनी काही वर्षांतच बुडाली. डोक्यावर कर्ज राहिलं, ते हिराबाईंनी गावोगाव मैफली करून फेडलं. मधे ‘प्रतिभा’सारख्या चित्रपटातही काम केलं, पण जीव रमला तो मैफलीतच.

१९३७ च्या ऑक्टोबरात अब्दुल करीम खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात होते. बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच फलाटावर, अल्लाचं नाव घेत, गातगात गेले. तोवर त्यांचा आवाज तबकड्यांतून देशभर पोचला होता. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून गदगच्या लहान भीमसेनने पुढे गाण्यासाठी घर सोडलं. आणि त्याच तबकड्यांच्या दुकानात, त्याच कपाटांत लेकीचा आवाजही होता. आयुष्यात जे घर मोडलं, ते ऐकणाऱ्यांच्या घरात असं जोडलेलं राहिलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं ते.

हिराबाईंनी गाणं स्वतःपाशी ठेवलं नाही. माणिक वर्मा, प्रभा अत्रे यांना सुरेशबाबूंची आणि हिराबाईंची तालीम मिळाली. धाकट्या सरस्वतीबाई राणे यांनी ‘रामराज्य’ (१९४३) चित्रपटात गायलेलं वीणेचं गाणं कोण विसरेल? पुढे या दोघी बहिणींनी एकत्र बसून जुगलबंदी गायली, तीही बायकांच्या बाबतीत नवीच गोष्ट. १९५३ मध्ये सुरेशबाबू गेले. भाऊ आणि गुरू एकदमच गेला. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० मध्ये पद्मभूषण, असे मानसन्मान येत गेले. लोकांनी प्रेमाने दिलेलं नाव ‘गानहिरा’. १९८९ च्या नोव्हेंबरात हिराबाई गेल्या.

आता प्रश्न असा की, आपण अजून त्यांना ऐकतो का? माझ्या वयाच्या मैत्रिणींना विचारलं तर सगळ्या म्हणतात, हो, आवडतं की! पण शेवटचं कधी ऐकलंस म्हटलं की गप्प. एके काळी तबकडी मिळवायला पैसे साठवावे लागत, आज फोनवर बोट ठेवलं की मुलतानी हजर. तरी ऐकणं कमी झालं. मला वाटतं, त्याचं कारण त्या चावीत आहे. चावी द्यायला, पिन बदलायला कुणीतरी जवळ बसून राहावं लागे. बसलेलं माणूस ऐकतंच. आता गाणं आपोआप पुढे जातं आणि आपण कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो.

म्हणून अलीकडे मी एक करते. दिवसातून एकच जुनी तबकडी, फोनवरच, पण बसून. तीन मिनिटांत काही भाजी करपत नाही. जुन्या मुद्रणातली खरखर पहिल्यांदा कानाला खुपते, चार दिवसांत ती ऐकूही येत नाही.

माझ्या लेकीला आधी हे सगळं संथ वाटायचं. एकदा मी तिला खाँसाहेबांची ठुमरी लावून दिली आणि लगेच हिराबाईंचा पटदीप. काही सांगितलं नाही. ती म्हणाली, दोघांचा सूर लावण्याचा ढंग सारखा वाटतोय, हे कुणी नातेवाईक आहेत का? फोनमधल्या यादीत आडनावावरून शोधलं असतं, तर तिला हे कधीच सापडलं नसतं.