चार निरीक्षणांचा हिशेब

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असो, संख्याशास्त्राचा असो किंवा अभियांत्रिकीचा असो, त्याच्या गृहपाठाच्या वहीत एक उदाहरण हमखास आढळते. दहा दिव्यांचे आयुष्य, आठ पोलादी सळ्यांची ताणशक्ती किंवा बारा विक्रेत्यांची प्रशिक्षणापूर्वीची व नंतरची विक्री असे काही आकडे दिलेले असतात. त्यांची सरासरी काढावयाची, प्रमाण विचलन काढावयाचे, ठरलेल्या सूत्रात आकडे घालून एक गुणोत्तर मिळवावयाचे आणि ते पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या कोष्टकाशी ताडून पाहावयाचे, एवढीच अपेक्षा असते. गुणोत्तर कोष्टकातील आकड्याहून मोठे निघाले तर फरक ‘सार्थ’, लहान निघाले तर ‘असार्थ’. कोष्टकाच्या माथ्यावर ‘स्टुडंटचे टी-वितरण’ असे शीर्षक असते. हे कोष्टक विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी रचले गेले, म्हणून त्याला हे नाव पडले असावे, अशी एखाद्याची समजूत झाली तर त्याला दोष देता येणार नाही. वस्तुतः ‘स्टुडंट’ हे एका माणसाचे टोपणनाव होते आणि तो माणूस कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नव्हता. तो डब्लिन येथील बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता.

विल्यम सिली गॉसेट याचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधील कँटरबरी येथे झाला. वडील लष्कराच्या अभियंता दलात कर्नल होते. विंचेस्टरच्या शाळेतून तो ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला. तेथे १८९७ साली गणितात आणि १८९९ साली रसायनशास्त्रात त्याने प्रथम वर्ग मिळविला. त्याच वर्षी तो डब्लिनच्या गिनेस कंपनीत रुजू झाला. गिनेसचा कारखाना त्या काळी जगातील अत्यंत मोठ्या बिअर कारखान्यांत गणला जात असे, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजचे विज्ञान पदवीधर मुद्दाम निवडून घेण्याचे धोरण कंपनीने स्वीकारले होते. परंपरेने चालत आलेल्या धंद्यात प्रयोगशाळा आणण्याचा तो प्रयत्न होता.

प्रयोगशाळा आली की आकडे येतात, आणि आकडे आले की त्यांवर किती विसंबावयाचे हा प्रश्न येतो. बार्ली प्रत्येक शेतात आणि प्रत्येक हंगामात वेगळी उतरते. माल्टचा एक नमुना दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. एकाच नमुन्याचे दोनदा पृथक्करण केले तरी उत्तरांत थोडा फरक पडतो. नमुने वाढविले तर सरासरी अधिक भरवशाची होईल हे कोणीही सांगेल. परंतु प्रत्येक पृथक्करणाला वेळ आणि पैसा लागतो, आणि माल तयार करण्याचे काम तोपर्यंत थांबून राहू शकत नाही. त्या वेळचे संख्याशास्त्र मात्र शेकडो निरीक्षणे हाताशी आहेत असे गृहीत धरूनच उभे होते. चार-पाच निरीक्षणे असलेल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते.

१९०४ साली गॉसेटने कारखान्याच्या अंतर्गत उपयोगासाठी एक अहवाल लिहिला. निरीक्षणांतील चुकांचा सिद्धांत मद्यनिर्मितीच्या कामी कसा लावता येईल, हा त्याचा विषय होता. माल्टच्या अर्काची शर्करामात्रा खऱ्या मूल्यापासून अर्ध्या अंशाच्या आत सापडावी, असा त्यातील एक प्रश्न. गॉसेटचा हिशेब असा होता : दोन निरीक्षणांची सरासरी घेतली तर ती या मर्यादेत असण्याची शक्यता ४ ला १, तीन घेतली तर ७ ला १, चार घेतली तर १२ ला १, पाच घेतली तर १९ ला १; आणि ८२ निरीक्षणे घेतली तर जवळजवळ निश्चितच. कारखान्याच्या कामाला १० ला १ एवढी खात्री पुरेशी होती. म्हणजे चार निरीक्षणे घ्यावीत. पाचवे घेणे हा अनावश्यक खर्च.

हा हिशेब वरवर साधा दिसतो. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यातील विचार मोलाचा आहे. किती खात्री हवी, हे येथे कोष्टक ठरवीत नाही. ते त्या निर्णयातून होणारा लाभ आणि आणखी एका प्रयोगाचा खर्च यांची तुलना ठरविते. सीमांत लाभ आणि सीमांत खर्च यांचे जे सूत्र अर्थशास्त्राच्या वर्गात फळ्यावर दोन वक्ररेषा काढून शिकविले जाते, तेच गॉसेटने ज्ञान मिळविण्याच्या क्रियेला लावले होते.

त्याची गणिताची तयारी मात्र या प्रश्नाच्या मुळाशी जाण्यास अपुरी पडत होती, आणि हे त्याने स्वतःच ओळखले होते. १९०५ च्या उन्हाळ्यात, सुट्टीवर इंग्लंडमध्ये असताना, तो सायकलवरून कार्ल पिअर्सनला भेटावयास गेला. पिअर्सन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील प्राध्यापक, ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचा संपादक आणि त्या काळच्या संख्याशास्त्राचा सर्वाधिकारी. पुढे १९०६-०७ मध्ये कंपनीने गॉसेटला वर्षभर पिअर्सनच्या प्रयोगशाळेत पाठविले. पिअर्सनने त्याला मनापासून साहाय्य केले. तथापि त्याचा प्रश्न पिअर्सनला फारसा महत्त्वाचा वाटला नाही. ज्याच्याकडे मोजमापांची हजारोंनी भरलेली बाडे पडलेली असतात, त्याला चार निरीक्षणांच्या अडचणीचे सोयरसुतक वाटू नये, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

त्या वर्षाचे फळ १९०८ च्या मार्चमध्ये ‘बायोमेट्रिका’त प्रसिद्ध झाले. निरीक्षणे थोडी असली की त्यांवरून काढलेले प्रमाण विचलनही भरवशाचे नसते. मोजपट्टीच अशी कमी-जास्त होत असेल तर नेहमीच्या घंटाकार प्रसामान्य वक्रावर विसंबून काढलेली शक्यता फाजील आत्मविश्वासाची ठरते. ही सूट नेमकी किती द्यावयाची, हे गॉसेटने या लेखात दाखविले. आजच्या कोष्टकाच्या भाषेत सांगावयाचे तर मोठ्या नमुन्यासाठी जेथे १.९६ ही सीमारेषा चालते, तेथे दहा निरीक्षणांसाठी २.२६ आणि चार निरीक्षणांसाठी ३.१८ लागते. चार निरीक्षणांच्या बळावर बोलणाऱ्याने किती जपून बोलावे, हे या एका आकड्यावरून कळते.

त्याची सिद्धता गणितज्ञांच्या कसोटीला पुरी उतरणारी नव्हती. काही पायऱ्या त्याने अंदाजाने ओलांडल्या होत्या. म्हणून त्याने आपले सूत्र प्रत्यक्ष ताडून पाहण्याचा मार्ग धरला, आणि तो मार्ग चिकाटीच्या माणसालाच सुचावा असा होता. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी ही मोजमापे पूर्वी छापून आलेली होती. गॉसेटने ती ३००० पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून काढली, तुकडे नीट पिसले आणि चार-चारांचे ७५० नमुने पाडले. प्रत्येक नमुन्याची सरासरी व विचलन हाताने काढून त्याने ते सूत्राशी जुळवून पाहिले, आणि ते समाधानकारकपणे जुळले. आज संगणकावर हे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते आणि त्याला भारदस्त नावही आहे. पुठ्ठ्याचे तुकडे पिसणाऱ्या माणसाला ते नाव ठाऊक नव्हते.

याच लेखातील एक उदाहरण पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत फिरत राहिले. दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे वेगवेगळ्या वेळी दिली होती. पहिल्याने सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याने २.३३ तास झोप वाढली. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीतला फरक घेतला तर त्याची सरासरी १.५८ तास आणि प्रमाण विचलन १.२३ येते. विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागले की ०.३९, आणि १.५८ ला त्याने भागले की गुणोत्तर चारच्या थोडे वर जाते. विद्यार्थी येथे कोष्टक पाहतो, २.२६ हा आकडा शोधतो, ‘फरक सार्थ आहे’ असे लिहितो आणि खाली दुहेरी रेघ ओढतो. गॉसेटने असे काही लिहिले नव्हते. दुसरे औषध अधिक गुणकारी असण्याची शक्यता सुमारे ६६६ ला १ आहे, एवढेच त्याने सांगितले. निवाडा न देता त्याने पैजेचा भाव सांगितला; त्या भावाला पैज घ्यावयाची की नाही, हे ज्याचे त्याने आपली थैली पाहून ठरवावयाचे. औषधांची नावे उतरवून घेताना मात्र त्याच्याकडून घोटाळा झाला आणि तोच घोटाळा पुढे मोठमोठ्यांच्या पुस्तकांतही उतरला. वहीतली चूक वहीत उतरण्याची प्रथा फक्त वसतिगृहातच आहे असे नाही!

लेखावर नाव होते ते ‘स्टुडंट’ एवढेच. पूर्वी एका कर्मचाऱ्याच्या लेखनातून धंद्याची गुपिते बाहेर गेल्यामुळे कंपनीने सेवकांच्या लेखनावर बंदी घातली होती; गॉसेटला सवलत मिळाली ती नाव न देण्याच्या आणि कारखान्याचे आकडे न वापरण्याच्या अटीवर. बिअरच्या शोधासाठी निघालेले सूत्र झोपेच्या औषधांवर आणि गुन्हेगारांच्या बोटांवर सिद्ध करून दाखवावे लागले, त्यामागे हेही एक कारण होते. आजचा विद्यार्थी हे उदाहरण सोडवितो तेव्हा त्यामागे कारखाना नाही, खर्च नाही, निर्णय नाही. नुसते आकडे आहेत.

सिद्धता पुरी करण्याचे काम रोनाल्ड फिशरने केले. १९१२ साली केंब्रिजमध्ये विद्यार्थी असतानाच त्याने बहुमितीय भूमितीच्या आधारे ती रचून गॉसेटकडे पाठविली. ती आपल्याला उमगत नाही हे मोकळेपणाने कबूल करून गॉसेटने ती पिअर्सनकडे धाडली. १९१५ साली ती प्रसिद्ध झाली. पुढे फिशरनेच गॉसेटच्या मूळ गुणोत्तराला ‘टी’चे रूप दिले आणि १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकातून ते जगभर नेले. त्या पुस्तकाबरोबरच शेकडा पाचची सीमारेषाही रूढ झाली. संशोधकाच्या हाताशी काही सोयीचा दंडक असावा, एवढाच फिशरचा हेतू असेल. पण सोयीचे दंडक पाठ्यपुस्तकांत शिरले की त्यांचे धर्मशास्त्र होते. अखेर २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढावे लागले : धंद्यातील वा धोरणातील निर्णय केवळ अशी सीमारेषा ओलांडली की नाही एवढ्यावरून घेऊ नयेत, आणि सार्थकतेवरून परिणामाचे महत्त्व मोजू नये.

पिअर्सन आणि फिशर यांचे वैर विद्वानांच्या जगात प्रसिद्ध आहे. गॉसेटचे मात्र दोघांशीही अखेरपर्यंत सख्य राहिले. स्वभावाने तो शांत, भिडस्त. बागकाम, सुतारकाम, मासेमारी यांत रमणारा. १९२६ साली पिअर्सनच्या मुलाने, एगॉन पिअर्सनने, सार्थकतेच्या कसोट्यांचा आधार काय, असे त्याला पत्राने विचारले. गॉसेटच्या उत्तराचा आशय असा होता, की एखादी परिकल्पना केवळ तिच्या आधारे निरीक्षण दुर्मीळ ठरते म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. त्याच निरीक्षणाची अधिक पटणारी उपपत्ती देणारी दुसरी परिकल्पना समोर असेल, तरच पहिली सोडावी. नेमन आणि एगॉन पिअर्सन यांची परिकल्पना-परीक्षणाची जी उपपत्ती आज अभ्यासक्रमात आहे, तिचे बीज या पत्रात होते.

कारखान्यात त्याचे खरे काम बार्लीचेच राहिले. दोन वाणांची तुलना करावयाची तर एकाच शेतात पुष्कळ तुकडे पाडण्याऐवजी वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या वर्षी पेरून पाहावे, असा त्याचा आग्रह असे, कारण शेतकऱ्याला आणि कारखान्याला पीक हवे असते ते सगळ्या जमिनींत आणि सगळ्या हंगामांत. शेतातील तुकड्यांची मांडणी चिठ्ठ्या टाकून करावी की समतोल रचनेने, यावर शेवटच्या वर्षांत त्याचा फिशरशी जोराचा वाद झाला. शास्त्राने पुढे बहुतांशी फिशरचा पक्ष मान्य केला, आणि पक्षपात टाळण्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु त्याच खर्चात नेमकेपणा कोठे अधिक मिळतो, हा गॉसेटचा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरत नाही. हा वाद पेटण्याच्या सुमारास, १९३३ ते १९३६ या काळात, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधन करीत होते. भारतात परतल्यावर शेतीच्या संख्याशास्त्रात त्यांनी मोठे काम उभे केले. नमुना किती आणि कोठून घ्यावा, हा प्रश्न येथील शेतांतही तितकाच खर्चाचा होता.

१९३४ साली मोटार अपघातात गॉसेटचा पाय मोडला. सक्तीच्या विश्रांतीतही त्याचे संख्याशास्त्र चालूच होते. १९३५ साली लंडनच्या पार्क रॉयल येथे कंपनीचा नवा कारखाना उभा राहात होता, त्याच्या कामासाठी तो डब्लिन सोडून गेला. १९३७ साली तो कंपनीचा प्रमुख मद्यनिर्माता झाला आणि त्यानंतर लवकरच, १६ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी हृदयविकाराने त्याचा अंत झाला. शेतातील तुकड्यांच्या समतोल मांडणीवरचा त्याचा अखेरचा लेख पुढल्या वर्षी ‘बायोमेट्रिका’त छापून आला. तोवर मालकांची गुपिते कोणाला कळण्याची धास्ती फारशी उरली नव्हती. तरीही लेखकाचे नाव म्हणून तेथे ‘स्टुडंट’ हेच होते.