पाटीलबाबांच्या पलटणी

काशीतील नारद घाटाला लागूनच राजा घाट आहे. पूर्वी त्याला अमृतराव घाट असेही म्हणत. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो दगडांनी बांधून काढला. पुण्याच्या गादीवर हक्क सांगणारा हा पुरुष इंग्रजांचे निवृत्तिवेतन घेऊन काशीला आला होता. मराठ्यांचे राज्य अजून नावाला उभे होते; परंतु त्याचे उत्तरेतील बळ १८०३ या एकाच वर्षात मोडले होते. ते बळ ज्यांनी उभे केले, ते महादजी शिंदे. उत्तर हिंदुस्थानात त्यांना पाटीलबाबा म्हणत.

राणोजी शिंदे यांचे हे पुत्र १७६१ मध्ये पानिपतावर लढले. पायावर घाव बसून ते रणात पडले, तेव्हा राणेखान नावाच्या पखालजीने त्यांना वाचवले. पाय मात्र जन्माचा अधू झाला. राणेखानाला त्यांनी भाऊ मानले आणि पुढे सेनापतीही केले. याच रणात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाने मोठा पराक्रम केला होता. पण घोडदळ आणि पायदळ यांचा मेळ बसला नव्हता. नवी शस्त्रे जवळ असणे आणि ती वापरता येणे यांत किती अंतर असते, हे महादजींनी तरुणपणीच पाहिले.

पुढे इंग्रजांशी गाठ पडली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजी फौजेची कोंडी करून तिला शरण आणले. त्या विजयात महादजींचा वाटा मोठा होता. दुसरा एखादा सरदार या यशाने निश्चिंत झाला असता. पण पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या एका लहान तुकडीने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. वेढा घालून व रसद तोडून इंग्रजांना जेरीस आणता येते, परंतु समोरासमोरच्या लढाईत त्यांच्या शिस्तबद्ध पायदळापुढे आणि चपळ तोफखान्यापुढे केवळ घोडदळ टिकत नाही, ही गोष्ट महादजींनी मनाशी पक्की केली. १७८२ मध्ये सालबाईचा तह घडवून आणताच ते नव्या कामाला लागले.

१७८४ मध्ये त्यांनी बन्वा द ब्वान्य या सॅव्हॉय प्रांतातील अनुभवी सैनिकाला चाकरीत घेतले. मराठी कागदपत्रांत हाच डिबॉईन होय. आरंभी त्याच्याकडे दोनच पलटणी होत्या. चकमकीच्या बंदुका, एकसारखा गणवेश, रोजची कवायत आणि हुकुमासरशी गोळीबार हे सारे त्या पलटणींत आले. आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतण्याचे काम सुरू झाले.

खरी अडचण बंदुकांची नव्हती, पगाराची होती. मराठी स्वार सरंजामावर आणि मुलूखगिरीवर जगत असे. हंगाम संपला की तो घरी जाई. कवायती शिपाई मात्र बारा महिने छावणीत हवा, म्हणजे त्याला दरमहा रोख पैसा हवा. ही गोष्ट महादजींना १७८७ मध्ये लालसोट येथे फार महागात पडली. मोगलांकडून आलेल्या जुन्या पलटणी थकलेल्या पगारासाठी ऐन वेळी शत्रूला जाऊन मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. डिबॉईनचे शिपाई तेवढे जागेवर राहिले. मग महादजींनी या पायदळाच्या खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातील महाल स्वतंत्र तोडून दिले. खजिन्यात पैसा असो वा नसो, त्या महालांच्या वसुलातून शिपायाचा पगार निघू लागला. सरदारांच्या हातून वसूल काढून घेणे हे शस्त्र बदलण्यापेक्षा कठीण काम होते, असे आम्हांस वाटते.

त्याचे फळ लवकरच दिसले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या पलटणींनी मोठे विजय मिळवले. मेडत्याला राठोडांचे शूर घोडदळ पायदळाच्या चौकोनी रचनेवर पुनःपुन्हा आदळले आणि तोफांपुढे कोसळले. १७९३ मध्ये लाखेरीला तुकोजी होळकरांनीही परकी सरदाराच्या हाताखालील पलटणी आणल्या होत्या; त्याही हरल्या. दुःख एवढेच, की तेथे दोन्ही बाजूंना मराठेच होते.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींचे निधन झाले. त्यांनी तोफा घडवणारे कारागीर जमवले, शिपाई घडवले, पगाराची व्यवस्था लावली. परंतु त्या शिपायांवर हुकूम चालवणारे अधिकारी परदेशीच राहिले. त्या जागा घेतील अशी आपली माणसे तयार करण्याची सोय झाली नाही. धनी खंबीर होता तोवर हे उणे झाकून राहिले. दौलतराव शिंदे गादीवर आले तेव्हा ते तरुण व अननुभवी होते. डिबॉईन निघून गेला आणि पेराँ त्याच्या जागी आला.

१८०३ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना निवृत्तिवेतनाचे आमिष दाखवले. अनेक जण सोडून गेले. पेराँही सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला. २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर महादजींच्या परंपरेतील गोलंदाज तोफांजवळच मेले, पण हटले नाहीत. इंग्रजांची दीड हजारांहून अधिक माणसे ठार व जखमी झाली. ऑक्टोबरमध्ये आग्र्याचा किल्ला पडला. १ नोव्हेंबरला लासवारी येथे उरल्यासुरल्या पलटणी अधिकारी नसतानाही निकराने लढल्या आणि नाहीशा झाल्या.

याच वर्षी अमृतरावांनी इंग्रजांशी करार करून सालिना सात लाख रुपये स्वीकारले. राजा घाटाचे बांधकाम त्यानंतरचे. १८२४ मध्ये काशीतच त्यांचा अंत झाला.